धाडसाला तोटा नव्हता

विमानविद्येच्या आद्य प्रवर्तकांबद्दल शाळेच्या धड्यांत, व्याख्यानांत, चित्रपटांत जे सांगितलं जातं ते बहुतेक धाडसाबद्दल असतं. जग हसत होतं, ते डगमगले नाहीत. पडले, पुन्हा उठले आणि शेवटी उडाले. यात खोटं काही नाही. पण एक प्रश्न तसाच राहतो. पंख लावून उंचावरून झेप घेणारी माणसं तर प्रत्येक काळात होती. नवव्या शतकात कॉर्डोबाच्या अब्बास इब्न फिरनासची कथा सांगतात. अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या माल्म्सबरीच्या मठातला आइल्मर नावाचा साधू मनोऱ्यावरून उडाला आणि पाय मोडून घेऊन बसला, असंही सांगतात. हाडं मोडून घ्यायची तयारी माणसात हजार वर्षं होती. मग उड्डाण नेमकं १८९१ ते १९०५ या पंधरा वर्षांतच कसं साधलं?

इंजिन आलं म्हणून, हे ठरलेलं उत्तर. ते पुरत नाही. १८९० साली फ्रान्समध्ये क्लेमाँ आदेरच्या वाफेवर चालणाऱ्या यंत्रानं जमीन सोडली होती, पन्नासेक मीटर. १८९४ साली इंग्लंडमध्ये हायरम मॅक्सिमनं साडेतीन टन वजनाचं अजस्र यंत्र रुळांवरून धाववलं. तेही रूळ सोडून वर आलं आणि मोडलं. त्याच्या इंजिनांत साडेतीनशेच्या वर अश्वशक्ती होती. राइट बंधूंच्या विमानात होती जेमतेम बारा. म्हणजे ताकद कमी नव्हती. हवेत गेल्यावर यंत्र ताब्यात कसं ठेवायचं, पंखाचा आकार कसा असला की किती उचल मिळते, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

माझं म्हणणं असं, की या पंधरा वर्षांत काही माणसांनी उडण्याचा हिशेब ठेवला आणि तो दुसऱ्यांना वाचायला दिला. त्यांचं मोठेपण तिथे आहे. त्यांचं कौतुक आपण भलत्याच गोष्टीसाठी करत राहिलो, तर त्यांच्यासारखं काही आपल्या हातून होणं अवघड आहे.

सुरुवात ओट्टो लिलिएंटालपासून करायला हवी. पाया त्याच्याही आधी, १८०९-१० मध्ये, इंग्लंडच्या जॉर्ज केलेनं घातला होता. वजन, उचल, रोध आणि पुढे ढकलणारा जोर हे वेगवेगळे मांडावेत, हे त्याचं. पण मोजमाप आणि प्रत्यक्ष उड्डाण एकाच माणसाच्या हाती आलं ते लिलिएंटालच्या. हा बर्लिनचा अभियंता. वाफेची इंजिनं आणि बॉयलर बनवण्याचा त्याचा कारखाना होता. भाऊ गुस्टाव्हला बरोबर घेऊन त्यानं वर्षानुवर्षं एका फिरत्या दांड्याच्या टोकाला पंखाचे नमुने लावून, कोणत्या कोनात किती उचल मिळते ते मोजलं. सपाट पृष्ठभागापेक्षा किंचित बाक दिलेला पृष्ठभाग किती तरी जास्त उचलतो, हे त्याला आकड्यांत दिसलं. १८८९ मध्ये त्यानं पक्ष्यांच्या उड्डाणावरचं आपलं पुस्तक कोष्टकं आणि आलेखांसकट छापलं. त्यानंतर दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, तो स्वतः पहिल्यांदा हवेत गेला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पडून मेलो तर काय, या प्रश्नाचं उत्तर त्यानं आधीच छापून ठेवलं होतं.

त्याची ग्लायडरं विलोच्या काठ्यांची आणि सुती कापडाची. दोन्ही हात कोपरापर्यंत चौकटीत अडकवायचे, टेकडीवरून वाऱ्याच्या तोंडावर धावत सुटायचं आणि पाय जमिनीवरून सुटले की लोंबकळत राहायचं. यंत्र डावीकडे कललं की पाय उजवीकडे फेकायचे, नाक वर गेलं की अंग पुढे ढकलायचं. ताबा ठेवायचं साधन एकच, स्वतःचं शरीर. बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला त्यानं १८९४ मध्ये यासाठी एक टेकडीच उभारून घेतली. वारा कुठूनही येवो, त्याच्याकडे तोंड करून धावता यावं म्हणून ती शंकूच्या आकाराची. एकूण दोनेक हजार उड्डाणं केली. छायाचित्रं काढू दिली, लेख लिहिले, तशीच ग्लायडरं बनवून विकलीही. ९ ऑगस्ट १८९६ रोजी ष्टोल्नजवळच्या टेकडीवर झुळकेनं यंत्र उभं केलं, अंग पुढे टाकूनही ते सावरलं नाही, आणि तो पंधरा-सोळा मीटरवरून खाली आला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये मरण पावला. वय अठ्ठेचाळीस.

तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, त्याच्याकडून शिकलेला इंग्लंडचा पर्सी पिल्चर तसाच गेला. शेपटीचा भाग हवेतच मोडला. त्याचं वय बत्तीस होतं.

आता ओहायो राज्यातल्या डेटन गावचे दोन सायकलवाले भाऊ, विल्बर आणि ऑर्विल राइट. लिलिएंटालच्या मृत्यूची बातमी त्यांच्याकडे पोहोचली तेव्हा ऑर्विल टायफॉइडनं अंथरुणाला खिळलेला होता. जुनी ओढ पुन्हा जागी झाली ती त्या बातमीनं, असं पुढे विल्बरनं सांगितलं. ३० मे १८९९ रोजी त्यानं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून, उड्डाणावर जे काही छापलं गेलं आहे ते वाचायला मागितलं. यंत्राची जोडणी त्यानंतरची. शिकागोचे वयस्क अभियंते ऑक्टाव्ह शानूट यांनी १८९४ साली तोवरच्या सगळ्या प्रयत्नांची हकीकत एका पुस्तकात गोळा केली होती. तेही त्यांनी वाचलं आणि शानूटना पत्रं लिहायला सुरुवात केली. या दोघा भावांतलं कुणीही कॉलेजात गेलेलं नव्हतं. पण वाचायचं कसं, हे त्यांना नेमकं कळत होतं.

लिलिएंटालच्या हिशेबातून विल्बरनं एक गोष्ट उचलली, ती मला विलक्षण वाटते. पाच वर्षांत दोन हजार उड्डाणं, पण प्रत्येक उड्डाण काही सेकंदांचं. सगळी बेरीज केली तर हवेतला एकूण वेळ भरतो जेमतेम पाच तास. पाच वर्षांत पाच तासांचा सराव! तेवढ्यात कुणाला सायकल तरी धड येईल का? म्हणजे लिलिएंटाल मेला तो धाडस कमी पडलं म्हणून नव्हे, आणि त्याचं गणितही फार चुकलं नव्हतं. त्याला सराव पुरला नव्हता, आणि अंग इकडे-तिकडे फेकण्यापलीकडे ताब्याचं साधन नव्हतं. या एका निदानातून राइट बंधूंचं पुढचं सगळं काम निघालं. आधी ताबा, मग इंजिन. सायकल मुळातच अस्थिर असते, चालवणारा तिला क्षणोक्षणी सावरतो, हे त्यांच्या रोजच्या धंद्यातलं ज्ञान होतं. यंत्र आपोआप स्थिर राहील अशी अपेक्षाच त्यांनी सोडली. पंखांची टोकं दोरांनी पिळून डावी-उजवी बाजू सावरायची युक्ती विल्बरला सायकलच्या ट्यूबचा रिकामा खोका हातात पिळता पिळता सुचली.

आणि तरी १९०१ चं त्यांचं ग्लायडर फसलं. किल डेव्हिल हिल्सच्या वाळूवर त्याला मिळालेली उचल हिशेबापेक्षा कितीतरी कमी होती. परतीच्या वाटेवर विल्बर इतका खचला होता, की आपल्या हयातीत माणूस उडणार नाही असं बोलून गेला. सप्टेंबरात शानूटच्या आग्रहावरून त्यानं शिकागोच्या अभियंत्यांपुढे व्याख्यान दिलं, आपल्या अपयशाचं. आणि ते छापलंही गेलं.

त्या शरदात सायकलच्या दुकानात जे झालं, त्याला मी १७ डिसेंबर १९०३ पेक्षाही मोठं मानतो. त्यांनी लाकडाचा एक खोका केला. लांबी सहा फूट, आतून सोळा इंच चौरस, वर पाहायला काच. एका तोंडाला पंखा, तो दुकानातल्या गॅस इंजिनावर फिरणाऱ्या दांड्याला जोडलेला. आत एक तराजू. तो हॅकसॉच्या जुन्या पात्यांचा आणि सायकलच्या स्पोकच्या तारांचा बनवलेला होता. पंखाचा नमुना पत्र्याचा, तळहातावर मावेल एवढा. तो तराजूवर चढवायचा, वारा सोडायचा, काटा स्थिर झाला की आकडा वाचून लिहायचा, मग कोन थोडा बदलायचा. मोजणी चालू असताना खोलीत एकानं एकाच जागी उभं राहायचं. जागचं सामान हललं तरी हवेचा ओघ बदलायचा आणि आकडे फिरायचे. लांब-अरुंद, आखूड-रुंद, एकावर एक, टोकाला गोल, टोकाला चौकोनी. सुमारे दोनशे आकार त्यांनी डिसेंबरापर्यंत तपासले.

निकाल काय आला? लिलिएंटालच्या कोष्टकांवर त्यांचा संशय होता. त्याच्या पंखांच्या आकारापुरती ती बव्हंशी बरोबर निघाली. चूक दुसरीकडेच होती. अठराव्या शतकापासून जॉन स्मीटनच्या नावानं चालत आलेला हवेच्या दाबाचा एक गुणांक होता, ०.००५. शंभराहून जास्त वर्षं बहुतेक जण तो तसाच वापरत होते. खरा आकडा ०.००३३ च्या आसपास होता. प्रतिष्ठित ग्रंथातला आकडा दोन सायकलवाल्यांनी दुरुस्त केला, आणि मेलेल्या जर्मन माणसाचं म्हणणं त्याला परत दिलं. लिलिएंटालवर विल्बरनं लिहिलेला आदराचा लेख विल्बरच्या मृत्यूनंतर, १९१२ च्या सप्टेंबरात छापून आला. एकोणिसाव्या शतकात उड्डाणाच्या प्रश्नाला भिडलेल्या सगळ्यांत लिलिएंटाल मोठा, असा त्यातला निवाडा आहे. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन माणसांमधलं हे नातं कागदावरच्या आकड्यांनी जुळलेलं होतं.

खोक्यातल्या मोजणीच्या कोष्टकांवरून बांधलेलं १९०२ चं ग्लायडर पुरेपूर ताब्यात राहिलं. पुढचं मी झटपट सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. प्रोपेलर म्हणजे फिरणारा पंखच, हे ओळखून त्यांनी त्याचंही गणित केलं. त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मिस्त्रीनं सहा आठवड्यांत इंजिन तयार केलं. १७ डिसेंबर १९०३ ला पहिलं उड्डाण १२ सेकंद आणि १२० फूट. दुपारी चौथं ५९ सेकंद आणि ८५२ फूट. त्याच्या नऊच दिवस आधी, ८ डिसेंबरला, स्मिथसोनियनचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली यांचं विमान दुसऱ्यांदा पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. त्यांना सरकारच्या युद्धखात्याकडून ५०,००० डॉलर मिळाले होते आणि त्यांचं इंजिन ५२ अश्वशक्तीचं, त्या काळातलं अप्रतिम इंजिन होतं. राइट बंधूंचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आत. लँग्ली मोठे शास्त्रज्ञ होते, मोजमापही त्यांना नवं नव्हतं. पण माणूस हवेत यंत्र कसं सावरणार, हा प्रश्न त्यांनी कधी ग्लायडरवर सोडवून पाहिलाच नाही. एकदम इंजिन, एकदम नदी.

१९०४ आणि १९०५ ही दोन वर्षं डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या कुरणात गेली. वळायला शिकायचं होतं. ५ ऑक्टोबर १९०५ ला विल्बर त्या कुरणावर ३९ मिनिटं घिरट्या घालत राहिला, चोवीस मैल. माझ्या मते विमान खऱ्या अर्थानं त्या दिवशी तयार झालं. त्यांच्या कामाची प्रत्यक्ष पाहून लिहिलेली पहिली सविस्तर हकीकत त्याच वर्षी जानेवारीत छापून आली होती, मधमाश्या पाळणाऱ्यांच्या एका मासिकात. संपादक अमोस रूट स्वतः कुरणावर जाऊन पाहून आले होते.

इथपर्यंतची गोष्ट माझ्या म्हणण्याला सोयीची आहे. यापुढची तितकी नाही, आणि तीही सांगायला हवी. १९०५ नंतर राइट बंधूंनी वही मिटली. कुणी पाहू नये म्हणून जवळपास अडीच वर्षं ते उडालेच नाहीत. दरम्यान २२ मे १९०६ ला पेटंट मिळालं. मग ग्लेन कर्टिससारख्या प्रतिस्पर्ध्यांवर खटले सुरू झाले. ज्यांनी आयुष्यभर सगळ्यांचं सगळ्यांना सांगितलं, त्या शानूटशीही यावरून बिनसलं. १९१० मध्ये शानूट वारले तेव्हा ती कटुता पुरती मिटलेली नव्हती. विल्बर खटल्यांत झिजला आणि ३० मे १९१२ ला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, टायफॉइडनं गेला. एवढ्या प्रतिभेच्या माणसाची शेवटची वर्षं वकिलांच्या कागदांत जावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच काळात पॅरिसमध्ये राहणाऱ्या ब्राझीलच्या आल्बेर्तो सांतोस-द्युमोंनं आपल्या ‘द्म्वाझेल’ या चिमुकल्या विमानाचे आराखडे कुणालाही वापरायला मोकळे केले. फ्रान्समध्ये विमानं झपाट्यानं सुधारली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी वैमानिक लढले ते बहुतांशी फ्रेंच विमानांतून, आणि १९१७ मध्ये अमेरिकी सरकारला मध्ये पडून सगळ्यांची पेटंटं एकत्र आणावी लागली. भावांची बाजू मी समजू शकतो. दुकानाच्या नफ्यातून काम केलेल्यांच्या मागे ना विद्यापीठ होतं, ना सरकार. पण बंद वहीची किंमत शेवटी त्यांच्याच देशानं मोजली.

‘पहिला कोण’ या हट्टानं तर आणखी नुकसान केलं. १९१४ मध्ये कर्टिसनं लँग्लींचं मोडकं विमान बरेच बदल करून थोडं उडवलं, आणि स्मिथसोनियन संस्था सांगू लागली, की माणसाला घेऊन उडू शकेल असं पहिलं विमान आमच्या लँग्लींचंच. बदल मात्र सांगायचे राहिले. ऑर्विलनं चिडून मूळ विमान १९२८ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिलं. संस्थेनं १९४२ मध्ये चूक कबूल केली. विमान मायदेशी आलं १९४८ मध्ये, ऑर्विल गेल्यावर. एवढ्या मोठ्या शास्त्रीय संस्थेला आपल्या माणसाच्या मानासाठी सत्य झाकावंसं वाटलं. हा मोह कुठल्या एका देशाचा नाही.

आपल्याकडे तो शिवकर बापूजी तळपदे यांच्या नावाभोवती साचला आहे. मुंबईच्या चिराबाजारातले हे संस्कृतचे व्यासंगी. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचं बिनमाणसाचं विमान उडवलं, ते दीड हजार फूट वर जाऊन कोसळलं, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, अशी हकीकत सांगतात. यावर चित्रपट निघाला, २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंधही वाचला गेला. मी ही हकीकत क्षणभर अक्षरशः खरी धरतो. तरी राइट बंधूंशी तिची स्पर्धा होत नाही. बिनमाणसाची यंत्रं त्याआधीच उडाली होती. फ्रान्सच्या आल्फोंस पेनोचं रबराच्या पिळावर चालणारं नमुना-विमान १८७१ मध्येच उडालं. १८९६ मध्ये लँग्लींचं वाफेचं नमुना-विमान तीन हजार फुटांहून दूर गेलं, आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं त्याचं छायाचित्र काढलं. यांतलं कुणीही विमानाचा जनक ठरलं नाही. मुद्दा ताब्याचा होता.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की ‘मरुत्सखा’चा एकही आराखडा, एकही मोजमाप आपल्या हाती नाही. पंखांचं क्षेत्रफळ किती, वजन किती, कोसळलं ते का, हे पुढच्या माणसाला कळायची सोय नाही. वसाहतीच्या मुंबईत, भांडवल नाही, कार्यशाळा नाही, बरोबरीनं विचार करणारं मंडळ नाही, अशा स्थितीत यंत्राच्या मागे लागलेल्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो. म्हणूनच त्यांना दंतकथेच्या स्वाधीन करणं मला पटत नाही. १८९५ सालच्या मुंबईच्या वृत्तपत्रांचे अंक, पोलिसांचं आणि पालिकेचं दप्तर, कुटुंबांतले कागद हे सगळं कुणीतरी पानन् पान चाळावं. जे सापडेल ते छापावं, काहीच सापडलं नाही तर तेही छापावं.

असं काम आपल्या देशात झालेलं आहे. ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा म्हणून सांगतात. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी तो टर उडवायला नव्हे, तपासायला हाती घेतला. भाषा पाहिली, ग्रंथाचा इतिहास शोधला, शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या विमानांचे तपशील हवागतिकीच्या कसोटीला लावले. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातलं एकही विमान उडणार नाही, हा निष्कर्ष त्यांनी कारणांसह छापला. लिलिएंटालच्या कोष्टकावर संशय घेऊन ते तपासणाऱ्या विल्बरची आठवण मला या निबंधानं येते.

आणि मराठी माणसाचा विमानविद्येशी खरा धागा हवाच असेल, तर तो विष्णू माधव घाटगे यांच्यापाशी आहे. कोल्हापूरकडचा हा माणूस १९३० च्या दशकात जर्मनीत ग्योटिंगेनला जाऊन लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला. हवेच्या ओघाचा पृष्ठभागालगतचा पातळ थर १९०४ मध्ये गणितात पकडणारे, आणि विंड टनेलला, म्हणजे वारा सोडून पंख तपासायच्या तसल्याच खोक्याला, प्रयोगशाळेचा दर्जा देणारे ते प्रांट्ल. सायकलच्या दुकानातल्या खोक्यात जे सुरू झालं, त्याचं शास्त्र झालं ते ग्योटिंगेनमध्ये. घाटगे ते शिकून परतले आणि १९४० मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये रुजू झाले. भारतात आराखडा करून भारतातच बांधलेलं ‘एचटी-२’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान त्यांच्या नेतृत्वाखाली ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. हवाई दलाचे वैमानिक पुढे कित्येक वर्षं त्यावर शिकले. घानाच्या हवाई दलानंही ती विमानं घेतली. तळपद्यांचं नाव ठाऊक असलेल्या मराठी घरांपैकी किती घरांत घाटग्यांचं नाव निघतं? त्यांच्या कामात दंतकथा नाही, म्हणून ते सांगायला रंगत नाही, एवढंच कारण मला दिसतं. वैमानिक घडवणारं ‘किरण’ हे जेट विमानही त्यांच्याच हाताखालच्या गटानं घडवलं आणि १९६४ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा उडालं. हवाई दलाचं ‘सूर्यकिरण’ पथक २०११ पर्यंत याच विमानांवर कसरती करत असे, आणि खाली उभं राहून त्या पाहणाऱ्या गर्दीत आपलीही माणसं असत.